मद्याचे मनोरे बांधणारा माणूस

ज्या घरांत दारूचं नावही निघत नाही, तिथल्या बायकांनी बिअरचे कारखाने बांधणाऱ्या माणसाविषयी का वाचावं, असं तुम्ही विचाराल. पण इतिहास काही आपलं पथ्य पाळून घडत नाही.

विल्यम ब्रॅडफर्ड हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला इंग्रज वास्तुकार. घरं-चर्च बांधणारे पुष्कळ होते, याने मात्र बिअरचे कारखानेच धरले. वेळही बरोबर साधली. १८८०मध्ये ग्लॅडस्टन सरकारने माल्टवरचा कर काढून तो तयार बिअरवर बसवला. १८८६मध्ये गिनेसने शेअर विकले, मग बाकीचेही त्याच वाटेने गेले. हाती पैसा आला, की मालकांना नवी इमारत हवीच!

ब्रॅडफर्डची हातोटी म्हणजे मनोऱ्यासारखा उंच कारखाना. ऑक्सफर्डशायरमधल्या हुक नॉर्टन गावात त्याचा असा कारखाना १९००च्या सुमारास उभा राहिला. वाफेच्या इंजिनाने पाणी आणि मोड आणून वाळवलेले सातू एकदाच वर चढवायचे. मग सातू भरडून गरम पाण्यात भिजवायचे, त्यांचं गोड पाणी खाली मोठ्या भांड्यात हॉप्स घालून उकळायचं, निववायचं, आंबवायचं. प्रत्येक पायरीला माल आपल्या वजनानेच खाली उतरतो. स्वयंपाकघरात उगीच हेलपाटा पडू नये म्हणून आपणही मांडणी करतोच ना? तीच अक्कल इथे मजल्यांवर चढलेली. वर नक्षीदार लोखंडी कठडे, उतरती छपरं. लांबून पाहणाऱ्याला हा कारखाना वाटतच नाही.

पण त्याच काळात, १८७६मध्ये, ब्रिटनमधल्या स्त्रियांनी दारूविरोधी संघटना काढली होती. नवऱ्याचा आठवड्याचा पगार गुत्त्यात गेला, की चूल कोणाची विझायची, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागत नव्हतं. कारखान्याच्या नकाशात मात्र ती चूल कुठे दिसत नाही.

ल्यूइसचा हार्वेज आणि हुक नॉर्टन हे त्याचे कारखाने आजही चालू आहेत. त्या इमारतींचं कौतुक करायला मला संकोच वाटत नाही. ब्रॅडफर्डचं डोकं खरोखर चांगलं चालत होतं. पण त्याचं नाव घेताना त्या संघटनेतल्या बायकांचंही घ्यायला हवं. एकाच काळाची ही दोन कामं आहेत, आणि मनोरा उंच म्हणून तेवढाच बघायचा, हे काही बरं नाही.