आधी छप्पर, मग पेन्शन : बडोद्याच्या मराठी घरांचा जुना हिशोब



आपली मुलं हल्ली म्हणतात, पंचेचाळिशीत नोकरी सोडायची, खर्च आवरता ठेवायचा आणि साठवलेल्या पैशावर जगायचं. त्यातच पुढचा वाद येतो: घर विकत घ्यायचं की भाड्यानं राहून तो पैसा व्याजाला लावायचा? मुलांना हा विषय नवा वाटतो, पण बडोद्याच्या मराठी घरांत तो निदान तीन पिढ्या चाललाय. म्हणून आज थोडा इतिहास, थोडा घरचा हिशोब.

सयाजीराव महाराज १८७५ साली गादीवर आले, १८८१ साली कारभार त्यांच्या हाती आला. नंतर खाती वाढली, शाळा वाढल्या आणि देशावरून, कोकणातून कारकून, मास्तर, ओव्हरसियर मंडळी इथे येत राहिली. सरदार-शिलेदारांचे वाडे आधीपासून होतेच. नोकरदारांनी त्या वाड्यांत दोन-दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत अशी कितीतरी बिऱ्हाडं होती. पगार बेताचा, पण पेन्शन पक्की. चाळिशीपासूनच माणूस पेन्शनीचे दिवस मोजायला लागे.

पैसे साठवायच्या सोयीही इथे लवकर झाल्या. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकारानं १८८९ साली इथे 'अन्योन्य सहायकारी मंडळी' निघाली. देशातल्या अगदी पहिल्या सहकारी पतसंस्थांत तिचं नाव घेतात. बँक ऑफ बडोदा १९०८ साली सुरू झाली. तरीही त्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी बडोद्यात घर घेतलं नाही. कारण साधं होतं. बडोदं हे 'नोकरीचं गाव', आणि 'आपलं गाव' रत्नागिरीकडे, साताऱ्याकडे किंवा वाईकडे. पेन्शन घेतली की तिकडे जायचं, शेतातला तांदूळ खायचा आणि ओटीवर बसायचं, असा बेत. थोडक्यात, खर्च कमी, घर फुकट आणि रोख पेन्शन. आजच्या मुलांचा बेत आणि तो बेत यांत फरक फार नाही!

हा बेत दहा-बारा वर्षांत कोसळला. १९४८ च्या जाळपोळीत काहींची देशावरची घरं गेली. त्याच वर्षी मुंबई राज्याचा कुळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'नंतर कसेल त्याची जमीन झाली. कसणाऱ्याला न्याय मिळाला, ते योग्यच झालं. पण परगावी नोकरी करणाऱ्यांचा वर्षाचा तांदूळ थांबला. गावच्या घरात चुलत्यांचे चार हिस्से, त्यात आपली एक माजघरातली खोली. तिथे जाऊन राहायचं कुणाच्या जिवावर?

इकडे १ मे १९४९ ला बडोदं संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि १ मे १९६० ला गुजरात वेगळं झालं. 'आता इथेच की तिकडे?' हा प्रश्न त्या वेळी प्रत्येक घरात निघाला. काही मंडळी पुण्या-मुंबईला गेली. राहिली त्यांच्यासाठी घर घेणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर होतं. आमचे आजोबा संस्थानच्या नोकरीतले. ते म्हणायचे, 'मुलांनी गुजरातीत परीक्षा दिल्या, तेव्हाच गाव ठरलं. आता फक्त दस्तावेज करायचाय.'

पण इथे एक गाठ होती. मुंबईचा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा विलीनीकरणानंतर बडोद्यालाही लागू झाला आणि गुजरात झाल्यावरही राहिला. भाडी गोठली, मालकाला भाडूत काढता येईना. दांडिया बाजारात महिना पंधरा रुपयांत दोन खोल्या मिळत असतील, तर हजारो रुपये घालून करेलीबागेच्या पलीकडे, रिक्षाही न येणाऱ्या जागी घर कशाला घ्यायचं? निव्वळ आकड्यांत वाड्यातच राहणाऱ्यांचं बरोबर होतं. त्यांनी भाड्यातून वाचलेला पैसा मुलांच्या शिक्षणाला लावला, ठेवी केल्या.

ज्यांनी घर घेतलं, त्यांचं पाहा. गुजरातचा सहकारी संस्था कायदा १९६१ चा. साठ-सत्तरच्या दशकात खत कारखाना, कोयलीची रिफायनरी, मग आयपीसीएल आलं. पगार सुधारले आणि दहा-वीस जण मिळून सोसायट्या काढू लागले. आपल्या बडोदेकरी 'टेनामेंट'चा जन्म हाच. पुढे व्हरांडा, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे धुण्या-भांड्याची चोकडी. गच्चीवर सळया तशाच वर काढून ठेवलेल्या, कधीतरी वरचा मजला होईल म्हणून. आजच्यासारखं कर्ज तेव्हा सहज मिळत नसे. घरांसाठी कर्ज देणारी एचडीएफसी सुरू झाली १९७७ साली. तोवर पीएफमधून उचल, सोसायटीमार्फत कर्ज आणि शेवटी आजीच्या पाटल्या.

हप्ते फिटेपर्यंत घर कसं चालायचं, ते अनेकांना आठवत असेल. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायचे, त्यांना दिवेल चोळून कोठीत ठेवायचे. तेलाचा डबा, तिखट, हळद सगळं मोसमात. सायकलीवर ऑफिस, दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे. याला कुणी काटकसर म्हणत नव्हतं, तीच रीत होती.

मग आकड्यांत तोट्याचं असूनही त्यांनी घर का घेतलं? मला वाटतं, त्याचं खरं कारण बायकांशी जोडलेलं आहे. पूर्वी साधारणपणे पेन्शन माणसाबरोबर संपे. केंद्र सरकारची कुटुंब पेन्शन योजनासुद्धा १९६४ ची. नवरा गेला की बाई मुलांच्या किंवा दिरांच्या दारात. आजोबा गेले तेव्हा आजीकडे रोख फारसं नव्हतं. पण टेनामेंट तिच्या नावावर होतं. वरची खोली तिनं युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मुलांना दिली आणि पुढची एकोणीस वर्षं कुणाकडे हात पसरला नाही. वाड्यातल्या तिच्या मैत्रिणींपैकी दोघींना, मालकानं वाडा बिल्डरला दिला तेव्हा, सत्तरीत सामान उचलावं लागलं. काहींना मोबदला मिळाला, काहींना फ्लॅट मिळाला. पण आयुष्यभर पाहिलेली शेजारची दारं गेली ती गेलीच.

या हिशोबाची दुसरी परीक्षा झाली २०००-०१ साली. सरकारी बँकांनी व्हीआरएस आणली. पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वर्षं वय पूर्ण असलं तर अर्ज करता येई. देशभरात सुमारे एक लाख लोकांनी ती घेतली. त्यात बडोद्याची आपली मंडळी बरीच. पन्नाशीत निवृत्ती, हातात मोठी रक्कम, पेढे वाटले गेले.

आणि लगेच व्याजदर उतरले. पीपीएफचा दर जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के होता, मार्च २००३ ला ८ टक्के झाला. ठेवींचंही तेच. समजा कुणी सहा लाखांवर घर चालवायचं ठरवलं होतं. १२ टक्क्यांनी महिना ६,००० होतात, ८ टक्क्यांनी ४,०००. मुद्दल तेच, पण घरातला तिसरा हिस्सा खर्च कमी करायचा. ज्यांनी पूर्वी पेन्शनऐवजी पीएफ निवडला होता, त्यांना हा फटका जास्त बसला.

त्या वेळी आमच्या सोसायटीत स्पष्ट दिसलं. घराचे हप्ते आधीच फिटलेले होते, त्यांनी दूध, पेट्रोल, प्रवास कमी केला आणि निभावलं. भाड्यानं राहणाऱ्यांना किंवा हप्ते चालू असणाऱ्यांना तो खर्च कमी करता येईना. दोन-तीन जण पुन्हा कुठे ना कुठे हिशेब लिहायला जाऊ लागले.

म्हणून मुलांना मी एवढंच सांगतो. घर वाढेल, विकून नफा होईल, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा हिशोब नव्हता. बाजार कसाही फिरला तरी महिन्याचा एक मोठा खर्च शून्य राहावा आणि मागे राहिलेलीला कुणी 'उठ' म्हणू नये, एवढाच होता. त्यासाठी घर लहान घ्या, गावाबाहेर घ्या, वरच्या सळया तशाच राहू द्या. पण नोकरी सोडायच्या आत त्याचे हप्ते फेडा. भाड्यानं राहायचंच असेल, तर भाडं दर वर्षी वाढणार हे धरून आकडे मांडा. गोठलेल्या भाड्याचे दिवस आता नाहीत.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगावकडच्या मंडळींनी आपापल्या घरची गोष्ट जरूर लिहा. तुमच्याकडे 'आता हेच आपलं गाव' असं कधी ठरलं? आणि पहिलं घर कुणाच्या नावावर घेतलं?