उष्णतासंवाहक लेप, संगणक-प्रक्रियकाचा

संगणकाचा प्रक्रियक आणि त्यावर बसविलेला धातूचा शीतक यांच्या पृष्ठांमधील सूक्ष्म फट भरून काढण्यासाठी वापरावयाच्या दाट पदार्थास उष्णतासंवाहक लेप म्हणतात. गुळगुळीत केलेली दोन धातुपृष्ठे एकमेकांवर दाबली, तरी त्यांचा प्रत्यक्ष स्पर्श काही उंचवट्यांपुरताच होतो. उरलेल्या पोकळ्यांत हवा राहते. तांब्याची उष्णतासंवाहकता दर मीटर-केल्व्हिनला सु. ४०० वॉट, तर हवेची केवळ सु. ०·०२६ वॉट असते. लेपाची संवाहकता सामान्यतः १ ते १० वॉट, म्हणजे धातूहून पुष्कळच कमी, पण हवेच्या कित्येक पट असते. म्हणूनच तो हवेची जागा घेण्यापुरता उपकारक ठरतो. जाड थर दिल्यास तोच अडथळा होतो.

आरंभीच्या संगणकांत या लेपाची गरज नव्हती. १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनिॲक या संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका असून त्यास सु. १५० किलोवॉट शक्ती लागे. परंतु ही उष्णता मोठ्या दालनभर विखुरलेली असल्याने पंख्यांनी ती बाहेर काढता येई. पुढे मंडले आकुंचन पावली आणि उष्णता अल्प क्षेत्रात एकवटू लागली. आयबीएमच्या ३०८१ या संगणकात (१९८०) प्रत्येक चकतीवर स्प्रिंगने दाबलेला दट्ट्या टेकविलेला असे, फटींमध्ये हीलियम वायू भरलेला असे व वरील पट्टातून पाणी खेळविले जाई. हीलियमाची संवाहकता हवेच्या सहापटींच्या आसपास असल्याने ही योजना केली होती. क्रे-२ मध्ये (१९८५) तर मंडले फ्ल्युओरीनयुक्त निष्क्रिय द्रवातच बुडविली होती.

व्यक्तिगत संगणकात असे खर्चिक उपाय शक्य नव्हते. इंटेलचा ८०८६ (१९७८) हा प्रक्रियक शीतकाविना चाले. १९९३ मधील पेंटियम सु. १५ वॉट उष्णता देऊ लागला आणि शीतक, पंखा व लेप ही त्रयी रूढ झाली. २००४ पर्यंत काही प्रक्रियकांनी १०० वॉटांची मर्यादा ओलांडली. ट्रँझिस्टर लहान होताना दर क्षेत्रामागील शक्ती स्थिर राहील, हे रॉबर्ट डेनार्ड व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेले गणित विद्युत् दाब आणखी कमी करता न आल्याने व गळतीच्या प्रवाहामुळे कोलमडले. २००४ मध्ये इंटेलने अधिक वेगवान एकगाभी प्रक्रियकाची आपली योजना सोडली व बहुगाभी रचना पुढे आली. याचा परिणाम आज्ञावली लिहिण्याच्या पद्धतीवरही झाला, कारण एकच काम अनेक गाभ्यांत वाटून देणे आवश्यक ठरले.

लेपात बहुधा सिलिकोन तेल आणि झिंक ऑक्साइड, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा चांदी यांचे सूक्ष्म कण असतात. गॅलियमाच्या द्रवरूप मिश्रधातूंची संवाहकता अधिक असते. मात्र त्या विद्युत् संवाहक असतात व ॲल्युमिनियमाचा नाश करतात. लेप देण्यापूर्वी जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोलाने पुसून काढतात. नंतर मध्यभागी वाटाण्याएवढा लेप ठेवून शीतकाचे स्क्रू समोरासमोरील कोपऱ्यांच्या क्रमाने थोडेथोडे आवळतात. दाबाने तो सर्वत्र पसरतो. वारंवार तापण्या-निवण्याने लेप कडेला सरकतो वा सुकतो. मग तापमान वाढते व प्रक्रियक स्वसंरक्षणार्थ आपली गती कमी करतो. जुना संगणक मंदावण्याचे हे एक कारण असते.

प्रक्रियकाच्या आतील चकती व तिच्यावरील धातूचे झाकण यांमध्येही असाच सांधा असतो. २०१२ मध्ये इंटेलने व्यक्तिगत संगणकांच्या काही प्रक्रियकांत तेथे डाखाऐवजी लेप वापरला. तापमान वाढते, अशी टीका जाणकारांनी केली. २०१८ मध्ये काही प्रक्रियकांत डाख परत आला. कोट्यवधी ट्रँझिस्टरांच्या चकतीची उपयुक्त गती अखेर या पातळ सांध्यावर अवलंबून असते.