तीन तास, नऊ महिने आणि अण्णांचं तिकीट

आजचा भाग रेल्वेच्या रिफंडचा. इतिहासाच्या पॉडकास्टवर हे काय मध्येच, असं वाटेल. पण ज्या तिकिटामुळे मी या विषयात शिरलो ते आमच्याच घरचं होतं, आणि घोळ मी घातला होता.

जानेवारी 2020. आई-अण्णांना मथुरेला जायचं होतं. आम्ही श्रीरामपूरचे. आमच्या स्टेशनचं नाव मात्र बेलापूर, त्यामुळे मुंबईचे मित्र हमखास नवी मुंबईत जाऊन पोचतात, ते असो. अण्णांनी तिथल्या खिडकीवर रांगेत उभं राहून, फॉर्म भरून झेलम एक्स्प्रेसची दोघांची तिकिटं काढली. तारीख 20 एप्रिल. मी पुण्यात, म्हणून माझं तिकीट मोबाईलवर. गाडी तीच, तारीख तीच, तिघांचंही थ्री एसी.

पुढचं तुम्हाला माहितीये. 22 मार्चला जनता कर्फ्यू लागला आणि प्रवासी गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. एप्रिलअखेर माझ्या खात्यात पैसे आले. मी काहीही केलं नव्हतं. लगेच फोन करून सांगितलं, "अण्णा, तुमचेही आपोआप येतील."

"कुठं येतील? मी खाते नंबर कुठं दिलाय?"

"येतील हो. सगळं ऑनलाइन असतं आता."

अण्णांचा प्रश्न बरोबर होता. तो किती बरोबर होता हे कळायला मला थोडं मागे जावं लागलं.

आपल्या जिल्ह्यातून जाणारा दौंड-मनमाड मार्ग 1878 साली सुरू झाला. तेव्हाचं तिकीट म्हणजे पुठ्ठ्याचा एक छोटा तुकडा. त्यावर नंबर, तारीख, कुठून कुठे. प्रवाशाचं नाव नाही. ज्याच्या हातात तुकडा, त्याचा प्रवास. आणि पैसे परत हवे असतील तर तोच तुकडा खिडकीत परत द्यायचा. दुसरा पुरावाच नव्हता.

1890 च्या रेल्वे कायद्याचं 67 वं कलम मला फार आवडतं. भाडं घेतलं ते 'गाडीत जागा असेल तर' या अटीवर घेतलं, असं ते म्हणतं. जागा नसेल, तर गाडी सुटल्यापासून तीन तासांच्या आत तिकीट परत द्या, भाडं तिथल्या तिथे परत. अर्ज नाही, चौकशी नाही. उभ्या उभ्या पैसे! इंग्रजांच्या राज्यात, तिसऱ्या वर्गाचे हाल होत असताना, प्रत्यक्षात किती जणांच्या हातात ते पडले असतील याबद्दल मला शंकाच आहे. खिडकीवरच्या बाबूशी कायद्याचं कलम बोलणारा शेतकरी डोळ्यासमोर आणून बघा. पण हक्क कागदावर होता.

मग देश बदलला, कायदा बदलला. 1989 साली रेल्वेचा नवा कायदा झाला. त्याच वर्षी रेल्वे दावा न्यायाधिकरण सुरू झालं. रिफंडवरून वाद झाला तर तो तिथे न्यायचा. महाराष्ट्रात त्याची खंडपीठं मुंबईला आणि नागपूरला. म्हणजे नगरच्या माणसाने सहाशे रुपयांसाठी मुंबई गाठायची. 'तिथल्या तिथे' हा शब्द इथे कुठेतरी मागे पडला, असं माझं मत.

3 ऑगस्ट 2002 ला आयआरसीटीसीने ऑनलाइन तिकीट सुरू केलं. त्यातून पुढे ई-तिकीट आलं आणि खरा बदल झाला. खिडकीवरच्या तिकिटाचे पैसे कागदाच्या मागे चालतात, ई-तिकिटाचे खात्याच्या मागे. रेल्वेनेच गाडी रद्द केली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात. खिडकीच्या तिकिटाचे मात्र, 2015 च्या नियमांनुसार, गाडी सुटायच्या ठरलेल्या वेळेपासून तीन दिवसांच्या आत कागद खिडकीत दिला तरच. वेटिंगचंही तसंच. चार्ट लागल्यावरही सगळी नावं वेटिंगवरच असतील तर ई-तिकीट आपोआप रद्द होतं, खिडकीचं तिकीट गाडीच्या अर्धा तास आधीपर्यंत आपण रद्द करायचं. नाहीतर गेले पैसे.

आणि ते जुने तीन तास अजून आहेत बरं का, वेगळ्या रूपात. गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट झाली आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर पूर्ण भाडं परत. फक्त ई-तिकीट असेल तर गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर भरायचा. ॲपमध्येच असतो तो. प्लॅटफॉर्मवर रील बघत बसण्यापेक्षा भरून टाका.

खात्याच्या मागे चालणारे पैसेही नेहमी सरळ चालत नाहीत. राजस्थानातल्या कोट्याच्या एका इंजिनिअरने 2 जुलै 2017 चं तिकीट जीएसटी लागू व्हायच्या आधीच रद्द केलं होतं. तरी सेवा कराचे 35 रुपये कापले गेले. तो माहिती अधिकाराचे अर्ज करत राहिला. 2019 मध्ये 33 रुपये आले. उरलेल्या दोन रुपयांसाठी तो आणखी तीन वर्षं भांडला आणि 2022 मध्ये तेही मिळवले. त्याच्यामुळे त्याच्यासारख्याच 2.98 लाख लोकांचे मिळून 2.43 कोटी रुपये परत करायचं ठरलं. लोक त्याला चिकट म्हणाले असतील. असे चिकट लोक हवेत.

आता परत 2020. रेल्वेने 21 मार्च ते 31 मे या काळातल्या ऑनलाइन तिकिटांचे 1,885 कोटी रुपये परत केले. तुम्ही स्वतः कॅन्सल करू नका, पैसे कापले जातील, असं आयआरसीटीसीने तेव्हा आवर्जून सांगितलं होतं. माझ्या डोक्यात तेवढंच बसलं. खिडकीच्या तिकिटांची मुदत वाढवली होती, आधी 45 दिवस, मग तीन महिने, मग सहा महिने. पण कागद नेऊन द्यायचा होताच. अण्णांचं तिकीट पंचांगात घडी घालून ठेवलेलं. मी 'आपोआप' म्हणालो म्हणून ते गेले नाहीत. 20 ऑक्टोबरला सहा महिने संपले. दिवाळीत घरी गेलो तेव्हा अण्णांनी ते तिकीट माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. बोलले काहीच नाहीत. ते जास्त लागलं.

7 जानेवारी 2021 ला बातमी आली. 21 मार्च ते 31 जुलै 2020 मधल्या प्रवासाच्या खिडकी-तिकिटांची मुदत आता नऊ महिने. मी बोटांवर मोजलं. 20 जानेवारी. तेरा दिवस हातात होते. दुसऱ्याच शनिवारी मी पुण्याहून गेलो आणि आम्ही दोघं मास्क लावून खिडकीवर उभे राहिलो. अण्णांनी तिकीट आत सरकवलं. नोटा बाहेर आल्या, पूर्ण. दोनदा मोजल्या.

"तुझे सगळे आले होते का रे?"

मी फोनमध्ये बघितलं. 35 रुपये 40 पैसे कमी. सुविधा शुल्क आणि त्यावरचा जीएसटी, ते परत येत नाहीत, नियमच तसा. अण्णा मास्कमागे हसले, डोळ्यांवरून कळलं.

नंतर गाड्या नीट सुरू झाल्यावर ते पुन्हा त्याच खिडकीवर गेले, मथुरेचा फॉर्म भरून. पण ज्येष्ठ नागरिकांची सवलत, पुरुषांना 40 टक्के आणि बायकांना 50 टक्के, 20 मार्च 2020 पासून बंद झाली होती. जानेवारी 2020 मध्ये जेवढ्यात दोघांची तिकिटं झाली होती, तेवढ्यात आता जेमतेम एकाचं होत होतं. अण्णांनी फॉर्मची घडी घातली, खिशात ठेवली आणि घरी आले.