आतून येणारं पाणी

आमच्या लहानपणी सोलापुरात पुष्कळ मुलं विहिरीतच पोहायला शिकायची. पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि कुणीतरी काठावरून ढकलून द्यायचं. मला मामूंनी ढकललं. दम लागला, खोकला आला, की वरून आवाज यायचा, ‘थांबू नकोस, अजून एक फेरी!’ बुडणं म्हणजे नाकातोंडात पाणी जाणं, एवढंच आम्हाला ठाऊक.

पोहण्याचा इतिहासही आपण न थांबणाऱ्यांचाच सांगतो. १८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेब पावणेबावीस तासांत इंग्लिश खाडी पोहून गेला. १९५८ मध्ये मिहिर सेन, १९५९ मध्ये आरती साहा यांनी ती पार केली. पुण्याच्या रोहन मोरेनं २०१८ मध्ये सात सागरी खाड्यांचं आव्हान पूर्ण केलं. असा तो पहिलाच आशियाई. ही नावं अभिमानानंच घ्यावीत. पण ज्यांना मध्येच थांबावं लागलं, त्यांचाही इतिहास आहे. तो फार उशिरा लिहिला गेला.

१९८९ मध्ये ब्रिटनचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पीटर विल्महर्स्ट यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अकरा जणांची हकीकत मांडली. थंड पाण्यात पोहताना, बुड्या मारताना त्यांचा श्वास कोंडला होता, फुप्फुसांत पाणी भरलं होतं. ते पाणी समुद्राचं नव्हतं, त्यांच्याच रक्तातलं होतं. पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं. थंडीनं रक्तवाहिन्या आवळतात, त्यात श्रमाची भर पडते. फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि रक्तातला द्रव हवेच्या पिशव्यांत झिरपतो.

आमच्या उन्हाच्या सोलापूरला याचं काय, असं कुणी म्हणेल. पण १९९५ मध्ये इस्रायलच्या डॉक्टरांनी आठ धडधाकट तरुण सैनिकांची नोंद केली. पाणी २३ अंशांचं होतं. पोहण्याआधी त्यांनी पाचेक लिटर पाणी प्यायलं होतं. त्यांनाही तोच त्रास झाला.

म्हणून पोहताना नाकातोंडात पाणी न जाताही खोकला सुटला, धाप थांबेना, थुंकीत गुलाबी फेस दिसला, तर आधी बाहेर काढावं. ताठ बसवावं, अंग कोरडं करून ऊब द्यावी, दवाखान्यात न्यावं. बहुतेक जण एक-दोन दिवसांत बरे होतात. पाण्यातच राहिलं तर जीवही जाऊ शकतो.

मामू आज नाहीत. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण काठावरच्या माणसाला ‘थांबू नकोस’ म्हणता येतं, तसं ‘बस, वर ये’ असंही म्हणता आलं पाहिजे.