दिनविशेष, ९ नोव्हेंबर : नेपोलियनने फ्रान्सची सत्ता बळकावली (१७९९)

फ्रेंच राज्यक्रांतीला दहा वर्षे झाली होती. राजा गिलोटिनखाली गेला, पण पाच संचालकांच्या ‘डिरेक्टरी’ला ना तिजोरी सावरता आली, ना भ्रष्टाचार आवरता आला. इजिप्तची मोहीम अर्धवट टाकून परतलेल्या ३० वर्षांच्या जनरल नेपोलियन बोनापार्टने संधी साधली. जॅकोबिनांच्या कटाची आवई उठवून आजच्या दिवशी विधिमंडळाची दोन्ही सभागृहे पॅरिसबाहेर सँ-क्लूला हलवण्याचा ठराव झाला. पॅरिसची फौज नेपोलियनच्या हुकमाखाली आली.

दुसऱ्या दिवशी तो या दोहोंपैकी ‘पाचशेंची सभा’ या सभागृहात शिरताच सदस्यांनी त्याला धक्काबुक्की केली. सभेचा अध्यक्ष असलेला त्याचा भाऊ ल्युसियाँ बाहेर आला आणि त्याने सैनिकांना चिथावले. संगिनी रोखून सैनिक आत घुसले. सदस्यांनी खिडक्यांतून उड्या टाकून पळ काढला. त्याच रात्री उरल्यासुरल्यांकडून नेपोलियनसह तीन ‘कॉन्सलां’च्या (शासनप्रमुखांच्या) नेमणुकीवर शिक्कामोर्तब करून घेण्यात आले.

पुढे पहिला कॉन्सल या नात्याने नेपोलियनने बँक ऑफ फ्रान्स स्थापली, दिवाणी कायद्याची संहिता आणली; पण वृत्तपत्रांची मुस्कटदाबी केली आणि वसाहतींतील गुलामगिरीला पुन्हा मान्यता दिली. २ डिसेंबर १८०४ रोजी नोत्र-दाम कॅथीड्रलमध्ये पोपच्या साक्षीने त्याने स्वतःच्याच हाताने सम्राटपदाचा मुकुट डोक्यावर चढवला.