फुंकर

मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे येताना अण्णा पद्मिनी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायचे. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून बेजार व्हायचे, पण अण्णांचा पाय ब्रेकवर कमीच. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर सतत दाबत राहिलं की ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटू लागते आणि पेडल खोल खोल जातं. जळका वास आला की समजायचं, उशीर झाला.

म्हणून दर दिवाळीआधी आमच्या अंगणात चाकं निघायची. १९९१ साली, दहा वर्षांचा असताना, मी पहिल्यांदा मदतीला बसलो. अण्णा चाकामागे, मी पेडलवर. "दाब. धर." मग ते निपल सैल करत, नळीतून बुडबुडे येत, निपल आवळलं की "सोड." ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात, आणि बापलेकाला त्याहून चांगलं काम मी अजून पाहिलेलं नाही.

त्याआधी ड्रम साफ करायचा. आत काळपट, पिठासारखी धूळ साचलेली असे. अण्णा जोरात फुंकर मारत, मग मी. तोंडं काळी झाली की दोघंही हसायचो.

ती धूळ घासलेल्या लायनरची. लायनरचा इतिहासही उतारावरच सुरू होतो. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाडीवाले लाकडी ब्रेकला जुने बूट ठोकतात, हे हर्बर्ट फ्रूडने पाहिलं, अशी गोष्ट सांगतात. १८९७ साली त्याने ब्रेकसाठी नवं साहित्य बनवायला घेतलं. फेरोडो कंपनी त्याचीच. मोटारींचा वेग वाढला तशी उष्णताही वाढली, आणि १९०८च्या सुमारास त्याने लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आणलं. जळत नाही, स्वस्त मिळतं. पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या त्याच्यावर थांबल्या.

त्याचे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. फुप्फुसात रुतले की निघत नाहीत, आणि त्यांच्यामुळे होणारा कर्करोग उमटायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं घेतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायला सांगितलं. कारखान्यातल्या कामगाराची निदान फाईल तरी असते. झाडाखाली ड्रम उघडणाऱ्या मेस्त्रीची, आमच्या अंगणाची कसली फाईल?

आमच्या लायनरमध्ये ते होतं का, हे आता कुणी सांगू शकणार नाही. त्या काळी ते सर्रास असे, एवढं मात्र खरं. मी अधूनमधून १९९१पासूनची वर्षं मोजतो.

परवा माझ्या गाडीचं मागचं चाक काढलं. मास्क लावून ड्रमवर पाणी मारलं, ओल्या फडक्याने पुसलं, फडकं पिशवीत बांधलं. अण्णा खुर्चीवर बसून बघत होते.

"आरं, एवढं काय करतूस? एक फुंकर मार की."

"मारतो," म्हणालो, आणि दुसरं फडकं भिजवलं.