एका न तपासलेल्या बेरजेची किंमत : डेबियन, नोव्हेंबर २००३

२० नोव्हेंबर २००३ची सायंकाळ. स्वयंसेवकांनी घडवलेल्या डेबियन लिनक्सच्या ‘मास्टर’ नामक सर्व्हरवर कर्नलच्या त्रुटींच्या नोंदी उमटू लागल्या. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. यंत्र दीर्घकाळ विनातक्रार चाललेले. त्यामुळे पहिला संशय हार्डवेअरवर गेला. परंतु त्याच वेळी ‘मर्फी’ या दुसऱ्या सर्व्हरवरही नेमकी तीच लक्षणे दिसली, आणि व्यवस्थापक सावध झाले.

घुसखोरी आदल्या दिवशीच झाली होती. चोरलेल्या पासवर्डने मिळाले होते ते एक साधे, विशेषाधिकार नसलेले खाते. तेथून सर्वाधिकारी ‘रूट’पर्यंतची मजल कशी मारली गेली, हे मात्र उमगेना. अखेर घुसखोराने मागे सोडलेला कूटबद्ध प्रोग्रॅम हाती लागला. रेड हॅट आणि सुसे यांच्या तज्ज्ञांनी त्याचे मर्म उलगडले.

दोष ‘डू-ब्रक’ या फंक्शनमध्ये होता. प्रोग्रॅमला अधिक मेमरी हवी असली की कर्नलकडे मागणी जाते : अमुक पत्त्यापासून इतके बाइट. ३२ बिटांच्या पीसीवर पत्त्यांची एकूण जागा ४ जीबी. सर्वसाधारण मांडणीत खालची ३ जीबी प्रोग्रॅमची, वरची १ जीबी कर्नलसाठी राखीव. आरंभीचा पत्ता अधिक लांबी ही बेरीज त्या सीमेपलीकडे जाते का, हे ‘डू-ब्रक’ पाहतच नव्हते. परिणामी मागणाऱ्याचा हात थेट कर्नलच्या प्रांतात पोहोचू शकत होता.

दुरुस्ती अवघ्या एका अटीची. बेरीज सीमेपेक्षा मोठी आहे का? किंवा ती आरंभीच्या पत्त्याहून लहान आहे का? दुसरा प्रश्न चमत्कारिक वाटेल; पण ३२ बिटांत न मावणारी बेरीज जुन्या मोटारीच्या किलोमीटर-मापकाप्रमाणे पुन्हा शून्यावरून मोजू लागते.

मन विषण्ण करतात त्या तारखा. अँड्र्यू मॉर्टन यांनी हा दोष सप्टेंबरमध्येच हेरला होता. घडणीत असलेल्या २.६ मालिकेत तो दुरुस्तही झाला. २.४.२२ ही आवृत्ती मात्र तोवर बाहेर पडली होती. चूक किरकोळ समजली गेली, सुरक्षेचा इशारा निघाला नाही, आणि दुरुस्त २.४.२३ अवतरली ती २८ नोव्हेंबरला. डेबियनचे चार सर्व्हर तत्पूर्वीच बळी पडले होते. पॅकेजांचा मुख्य संग्रह तेवढा बचावला.

जानेवारी २००४मध्ये लगेच २.४.२४ काढावी लागली. मेमरीचा पट्टा हलवणाऱ्या ‘एमरीमॅप’मध्येही सीमांची तपासणी अपुरी निघाली होती, या खेपेस निसटलेली लांबी होती शून्य.